खेळातली बंदूक आणि रस्त्यावरची नजर

एअरसॉफ्ट हा दोन गटांनी ठरवून घेतलेल्या जागेत खेळायचा लुटुपुटूच्या लढाईचा प्रकार असून, त्यातील साधने स्प्रिंगच्या, वायूच्या किंवा विजेच्या मोटरीने ओढल्या जाणाऱ्या दट्ट्याच्या जोरावर सहा मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची गोळी फेकतात आणि बाह्य रूपाने खऱ्या बंदुकीच्या हुबेहूब प्रतिकृती असतात. हा छंद 1970 च्या दशकात जपानमध्ये, म्हणजे जेथे सामान्य नागरिकाला खरे पिस्तूल बाळगणे जवळजवळ अशक्य होते त्याच देशात, उगवला. 1991 साली टोकियो मारुई या कंपनीने बॅटरीवर चालणारी बंदूक बाजारात आणल्यावर तो खऱ्या अर्थाने मैदानी खेळ झाला. ज्याला खरी वस्तू मिळत नाही त्याला निदान तिचे रूप हवे असते, आणि या खेळाचे सारे आकर्षण त्या रूपाच्या खरेपणातच आहे. नाशिकसारख्या शहरात तो खेळू पाहणाऱ्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळही तेथेच असल्याचे प्रस्तुत लेखकाला दोन चुका करून झाल्यावर कळले. त्यांपैकी गोळीने झालेली इजा किरकोळ होती, दिसण्याने ओढवलेला प्रसंग मात्र किरकोळ नव्हता.

पेंटबॉल या जवळच्या खेळात रंगाने भरलेली गोळी अंगावर फुटते आणि पडलेला डागच साक्ष देतो. एअरसॉफ्टची गोळी कोणतीही खूण न ठेवता गवतात पडते. म्हणून ज्याला गोळी लागली त्यानेच ‘हिट’ असे मोठ्याने म्हणावे, हात वर करावा, डोक्यावर लाल फडके टाकावे आणि मैदानाबाहेर किंवा पुन्हा डावात येण्यासाठी ठरवलेल्या ठिकाणी चालू लागावे, असा या खेळाचा पहिला नियम आहे. गोळी मारणाऱ्याने ‘लागली, लागली’ असा गलका करायचा नसतो. संशय असल्यास मार्शलला, म्हणजे मैदानावरील पंचाला, हळूच सांगायचे आणि आपला डाव पुढे चालू ठेवायचा. गल्ली क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला, जेथे बाद होण्याचा प्रत्येक निर्णय बॅटचा मालक बॅट घेऊन घरी निघेपर्यंत लढवला जातो, ही शिस्त अंगी बाणवणे वाटते त्याहून जड जाते. शिवाय डिसेंबरच्या नाशिकच्या थंडीत जाड जॅकेट घातलेल्याला लांबून आलेली थकलेली गोळी खरोखरच जाणवत नाही, त्यामुळे न सांगणारा प्रत्येक जण लबाडच असतो असे धरून चालणेही अन्यायाचे ठरते.

याच्याच जोडीला काही संकेत आहेत. भिंतीआडून स्वतः न पाहता नुसती नळी बाहेर काढून गोळ्या सोडणे निषिद्ध मानले जाते, कारण गोळी कोणाच्या तोंडावर जाते आहे हे सोडणाऱ्याला ठाऊक नसते. फार जवळून गाठलेल्या प्रतिस्पर्ध्यावर गोळी न झाडता त्याला शरण येण्यास सांगितले जाते. बाद झालेला खेळाडू परतताना शत्रू कोठे दडला आहे याची माहिती आपल्या गटाला देत नाही, कारण मेलेला माणूस बोलत नसतो. विश्रांतीच्या जागेला सेफ झोन म्हणतात, आणि तेथे पाऊल टाकण्यापूर्वी मॅगझीन काढणे, नळीत अडकलेली गोळी जमिनीकडे झाडून टाकणे, खटका सुरक्षित स्थितीत आणणे व नळीच्या तोंडावर कापडी टोपी चढवणे हा क्रम मोडणाऱ्याला जाणती मंडळी दुसऱ्यांदा बोलावत नाहीत. मॅगझीन काढले म्हणजे बंदूक रिकामी झाली हा समज नवख्यांमध्ये सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. शेवटची गोळी नळीतच बसलेली असते.

गोळीची ताकद ज्यूल या एककात मोजतात. 0.20 ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला 100 मीटर वेगाने सुटली तर तिची ऊर्जा एक ज्यूल भरते, आणि तेवढ्याच ऊर्जेने 0.25 ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 89 मीटर वेगाने जाते. म्हणून केवळ वेगाचा आकडा सांगणाऱ्या विक्रेत्याला गोळीचे वजन विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही, आणि खेळापूर्वी वेगमापकावर घ्यायची चाचणी ज्या गोळीने खेळायचे तिच्यानेच घ्यावी लागते. जपानने 2006 साली दुरुस्त केलेल्या कायद्याने सहा मिलिमीटरच्या गोळीसाठी ही मर्यादा एक ज्यूलच्या किंचित खाली ठेवली. एवढ्या ऊर्जेने कातडीवर लाल टिकली उठते आणि दोन दिवसांत जाते, परंतु डोळ्याला कातडी नसते: बुबुळापुढील पोकळीत रक्त उतरणे, पडदा सुटणे, पुढे मोतीबिंदू होणे या इजा अशा गोळीने होतात, हे नेत्रवैद्यकाला चांगले ठाऊक आहे.

प्रस्तुत लेखकाची पहिली चूक या जागी झाली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळील हार्डवेअरच्या दुकानातून ग्राइंडिंगसाठी वापरतात तो साधा गॉगल त्याने घेतला आणि ‘काच मजबूत आहे’ या दुकानदाराच्या एका वाक्यावर समाधान मानले. वस्तुतः संरक्षक चष्म्यांच्या युरोपीय मानकात, म्हणजे ईएन 166 मध्ये, सहा मिलिमीटर व्यासाची 0.86 ग्रॅमची पोलादी गोळी आदळवून पाहतात, व ज्या चष्म्यावर ‘एफ’ हे अक्षर असते तो सेकंदाला 45 मीटर वेगाचा, तर ‘बी’ असलेला 120 मीटर वेगाचा आघात सोसतो. हिशेब केला तर ‘एफ’ची परीक्षा एक ज्यूललाही पोहोचत नाही आणि ‘बी’ची सहा ज्यूलच्या पुढे जाते, या दोन अक्षरांतील फरकाला या खेळात डोळ्याची किंमत आहे. लेखकाच्या गॉगलवर यांपैकी कोणतेही अक्षर नव्हते, परंतु तो फुटला मात्र नाही. ऑगस्टच्या दमट हवेत त्याची काच आतून धुरकट झाली, झाडाआड बसून ती पुसण्यासाठी लेखकाने तो कपाळावर चढवला, आणि त्याच क्षणी कोणासाठी तरी सोडलेली गोळी त्याच्या भुवईवर बसली. दोन बोटे खाली बसली असती तर हा मजकूर सांगून लिहून घ्यावा लागला असता.

यातून निघणारे मार्गदर्शन साधे आहे. काच धुरकट झाली तर डोळे झाकून खाली बसावे, ओरडून खेळ थांबवण्यास सांगावे आणि हात धरून कोणी सेफ झोनमध्ये नेईपर्यंत गॉगलला हात लावू नये. मैदानावर ज्या कोणाला उघडे डोळे दिसतील त्याला खेळ थांबवण्याचा अधिकार असावा, मग तो पहिल्याच दिवशी आलेला का असेना. जाळीचे गॉगल धुरकट होत नाहीत म्हणून काहींना प्रिय असतात, पण दगडावर फुटलेल्या गोळीची कपची त्या जाळीतून आत शिरते. दातांसाठी चेहऱ्याच्या खालच्या भागावर मुखवटा लागतो. बंदुकीवर पैसे घालून गॉगलवर वाचवणे हा नवख्यांचा ठरलेला क्रम आहे, आणि तो नेमका उलटा असायला हवा.

दुसरी चूक मैदानाबाहेर झाली, आणि ती समजण्यासाठी हे शहर कोणते आहे हे ध्यानात घ्यावे लागते. देवळालीचे तोफखाना विद्यालय, नाशिकरोडचे तोफखाना केंद्र, गांधीनगरचा लष्करी विमानतळ, ओझरचा विमान कारखाना, नोटांचा छापखाना, त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमी आणि डॉ. बा. शि. मुंजे यांनी 1937 साली सुरू केलेली भोसला सैनिकी शाळा ही सारी एकाच शहराच्या परिघात आहेत. अशा गावात गणवेश आणि शस्त्र ओळखणारी माणसे चहाच्या टपरीवरही भेटतात आणि संशयास्पद वस्तू दिसली तर ती गप्प बसत नाहीत. खेळ संपवून परतताना लेखकाची प्रतिकृती मोटारीच्या मागच्या आसनावर पंचाखाली ठेवलेली होती. गाडी चहासाठी थांबली, पंचा घसरला, कोणीतरी फोन केला, आणि पुढचे चार तास ती वस्तू काय आहे व काय नाही हे समजावून सांगण्यात गेले. फोन करणाऱ्याने आणि चौकशी करणाऱ्यांनी आपले काम चोख केले, चूक फक्त पंचावर भरवसा ठेवणाऱ्याची होती. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे 22 नोव्हेंबर 2014 रोजी बारा वर्षांच्या मुलाच्या हातातील एअरसॉफ्ट पिस्तुलाला, ज्याच्या नळीवर नारिंगी टोक नव्हते, पोलिसाने खरे समजून गोळी झाडली व दुसऱ्या दिवशी तो मुलगा मरण पावला. त्यापुढे चार तासांची तक्रार करण्याचे कारण उरत नाही.

त्या चार तासांत कायद्याचे जे ज्ञान पदरी पडले ते आधीच मिळवायला हवे होते. शस्त्र अधिनियम, 1959 खालील शस्त्र नियम, 2016 मध्ये छऱ्याच्या बंदुकीला परवान्यातून मिळणारी सूट दोन मापांवर बेतलेली आहे: ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत आणि नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरपर्यंत. एअरसॉफ्टची बंदूक ऊर्जेत या मर्यादेच्या विसाव्या हिश्शाएवढीच असते, परंतु तिची नळी सहा मिलिमीटरची असल्याने व्यासाच्या मापात ती बसत नाही, आणि खऱ्या बंदुकीच्या प्रतिकृतीचाही या नियमांत वेगळा विचार आहे. त्यामुळे ‘हे खेळणे आहे, लायसन लागत नाही’ हे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन पोलीस ठाण्यात उपयोगी पडत नाही, आणि परदेशातून मागवलेले खोके सीमाशुल्क विभागात अडकले तर त्याचे नवल वाटू नये. काहीही विकत घेण्यापूर्वी शहरात पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेकडे वस्तूचे नाव, व्यास व ऊर्जा लिहून अर्ज द्यावा आणि उत्तर लेखीच घ्यावे. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश लागू होतात व त्यांत शस्त्रे घेऊन फिरण्यास बंदी असते. सिंहस्थासारख्या काळात तर बंदुकीच्या आकाराची कोणतीही वस्तू घराबाहेर न काढणेच इष्ट.

कपड्यांबाबतही हाच विचार लागू पडतो. भूदलाने 15 जानेवारी 2022 रोजी नव्या नक्षीचा लढाऊ गणवेश प्रथम दाखवला आणि पुढे त्या नक्षीची नोंदणी करून तिचे हक्क स्वतःकडे घेतले. तशा कापडाची नक्कल अंगावर चढवून रस्त्याने जाणे अशोभनीय आहे, आणि सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने तसा वेश केल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम 168 तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद करते. मातकट रंगाचा सदरा, जाड पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट एवढ्याने खेळात काही उणे पडत नाही. बूट मात्र हवेतच, कारण ज्या मुरमाड, वाळल्या गवताच्या टेकड्यांवर लपण्याची हौस भागते तेथे घोणस आणि फुरसेही लपतात. बिबट्या तर नाशिककरांना नवा नाही, त्यामुळे अंधार पडण्यापूर्वी खेळ आटोपावा हे वेगळे सांगायला नको. लिथियम पॉलिमर बॅटऱ्या मे महिन्यात बंद मोटारीत ठेवू नयेत आणि फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नये.

सध्या लेखकाच्या गटाने हुबेहूब प्रतिकृती सोडून दिल्या असून, तो पाण्यात फुगवलेल्या मऊ जेलच्या गोळ्या फेकणारी, भडक निळ्या-नारिंगी रंगाची खेळणी वापरतो, आणि तीही आयएसआय चिन्ह पाहून घेतलेली, चेन असलेल्या बंद पिशवीतून नेलेली. रूपाचा खरेपणा त्यामुळे गेला हे मान्यच करायला हवे; दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेच्या कडेला पडीक तुकड्यावर निळी पिचकारीसदृश वस्तू घेऊन रांगणारी चाळिशीतली माणसे पाहून बागेतले मजूर हसतात, आणि ते हसतात हीच या बदलाची मोठी कमाई आहे, कारण हसणारा माणूस फोन करत नाही. जागा सार्वजनिक वन, गड किंवा छावणीची हद्द असता कामा नये, आणि तोफखान्याच्या गोळीबार क्षेत्राकडे तर फिरकूही नये, कारण अशा जमिनीत न फुटलेला दारूगोळा असू शकतो. मालकाची संमती लेखी घ्यावी, जवळच्या पोलीस ठाण्याला तारीख व वेळ आधी कळवावी आणि शेजारच्या वस्तीतल्या दोन घरांत स्वतः जाऊन सांगून यावे.

बागेच्या मालकाची अट एकच होती. प्लास्टिकच्या पांढऱ्या गोळ्या वेलींच्या बुडाशी पडलेल्या त्याला पहिल्या वर्षी सापडल्या होत्या, आणि निर्यातीच्या बागेत असला कचरा त्याला चालणार नव्हता. लेखकाच्या गटाने दोन रविवार गुडघ्यांवर बसून त्या वेचल्या तरी सगळ्या निघाल्या नाहीत, कारण पावसाने त्या मातीत दाबल्या होत्या. तेव्हापासून खेळ बागेच्या कामाच्या वेळापत्रकाने चालतो: ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की मैदान बंद होते, आणि शेवटचा माल उतरून एप्रिलची खरड छाटणी उरकली की मालकाचा निरोप येतो.