पदव्युत्तर पदविका आणि संहिताभ्यास : मावळ परिसरातील दोन उदाहरणे

पदव्युत्तर पदविका हा आपल्या विद्यापीठीय रचनेतील काहीसा उपेक्षित अभ्यासक्रम आहे. एम.ए.ची व्यापकता त्याला नाही आणि पीएच.डी.चा अवधीही नाही. त्यामुळे पदविकेची आखणी करताना पुष्कळदा एम.ए.च्याच अभ्यासपत्रिकांची संक्षिप्त आवृत्ती तयार केली जाते. विद्यार्थ्याला कालखंडांची नावे ठाऊक होतात. परंतु एखादी संहिता समोर आली असता तिचे काय करावयाचे, हे त्याला सांगता येत नाही. एका वर्षात वाङ्मयाचा इतिहास शिकविता येणार नाही. मात्र एक अभ्यासपद्धती विद्यार्थ्याच्या हाती बसविता येईल, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. मराठीच्या संदर्भात पाठचिकित्सा ही अशी एक पद्धती होय. तिच्या अध्ययनासाठी मावळ परिसर किती अनुकूल आहे, हे पुढील दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

१. लोणावळा : एका ग्रंथाचे चार, पाच की दहा उपदेश?

स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. पुढे १९५० च्या सुमारास तेथे गोवर्धनदास सेकसरिया योग महाविद्यालय उभे राहिले व पदवीधरांसाठी योगशिक्षणाची पदविका सुरू झाली. या संस्थेत प्रयोगशाळा आणि ग्रंथसंशोधन विभाग ही दोन्ही अंगे अध्यापनाच्या शेजारीच नांदत आली आहेत. पदविकेचा विद्यार्थी जो ग्रंथ अभ्यासतो, त्याचीच संहिता त्याच आवारात हस्तलिखितांवरून सिद्ध झालेली असते, ही गोष्ट मानव्यविद्यांच्या अध्यापनात दुर्मीळ आहे.

या विभागाने केलेल्या कामापैकी ‘हठप्रदीपिका’ हे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. स्वात्माराम यांचा हा संस्कृत ग्रंथ पंधराव्या शतकातील मानला जातो. ब्रह्मानंदांच्या ‘ज्योत्स्ना’ टीकेसह तो प्रचारात आहे आणि त्यात चार उपदेश आहेत. स्वामी दिगंबरजी आणि पं. रघुनाथशास्त्री कोकजे यांनी सिद्ध केलेली कैवल्यधामची आवृत्ती १९७० मध्ये निघाली. तीत पाच उपदेश आहेत. योगाभ्यासातील चुकांमुळे उद्भवणाऱ्या व्याधी व त्यांवरील उपाय हा पाचव्या उपदेशाचा विषय होय. पुढे २००१ मध्ये लोणावळा योग संस्थेने डॉ. म. ल. घरोटे व डॉ. परिमल देवनाथ यांनी संपादिलेली, बालकृष्णांच्या ‘योगप्रकाशिका’ टीकेसह दहा उपदेशांची आवृत्ती प्रसिद्ध केली. अशा रीतीने एकाच गावातून एका ग्रंथाची दोन भिन्न विस्तारांची रूपे पुढे आली.

‘यांपैकी खरी कोणती?’ हा विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न असतो. पाठचिकित्सेत मात्र त्याचे स्थान शेवटचे आहे. अधिक मजकूर कोणत्या हस्तलिखितांत आहे, ती हस्तलिखिते परस्परांशी कशी संबद्ध आहेत, जुन्या मजकुराचीच नवी विभागणी झाली आहे की नवा मजकूर आला आहे, टीकाकारासमोर कोणती संहिता होती, हे प्रश्न आधी सोडवावे लागतात. ग्रंथाचा विस्तार ही त्याच्या उपयोगाच्या इतिहासाचीही खूण असते, हे येथे ध्यानात येते.

२. तळेगाव, देहू, सुदुंबरे : गाथेचे साक्षीदार

लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी मावळातून देहूकडे जाते. हीच पद्धती तुकारामांच्या गाथेला लावून पाहिली असता याच परिसरात मराठीचे अस्सल उदाहरण सापडते. मुंबई सरकारच्या साहाय्याने, विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्या संपादनाखाली, इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ पासून गाथा प्रसिद्ध झाली. तिला देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखितांचा आधार होता. चारांपैकी तीन साक्षीदार मावळ व त्याच्या लगतच्या टापूतील आहेत. वेगळे पाठ ‘दे.’, ‘त.’ अशा संक्षेपांनी नोंदविलेले असल्यामुळे, मूळ पोथी हाती नसतानाही तळेगाव प्रतीची वळणे विद्यार्थ्याला न्याहाळता येतात.

दुसरा साक्षीदार संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांचा. संताजींची समाधी मावळातील सुदुंबरे येथे आहे. या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केली. तीत सुमारे १,३०० अभंग आहेत, तर पंडितांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक. मग उरलेले तीन हजारांवर अभंग तुकारामांचे नव्हेत काय?

येथे घाईचा निष्कर्ष घातक ठरतो. वहीत अभंग नसणे म्हणजे तो प्रक्षिप्त असणे नव्हे. वही हा एका लेखकाने केलेला, कदाचित अपूर्ण, संग्रह असतो. उलट सर्व प्रतींत असलेला अभंगही एकाच जुन्या मिश्र परंपरेतून उतरलेला असू शकतो. मोजदाद हा पुरावा नव्हे, पुराव्याकडे नेणारी वाट आहे. हा विवेक न बाळगल्यास आपल्याला रुचणारा तुकाराम ‘अस्सल’ आणि न रुचणारा ‘प्रक्षिप्त’ ठरतो. ज्या कवीच्या नावावर आजही सामाजिक व धार्मिक वाद लढविले जातात, त्याच्याबाबतीत हा दोष केवळ विद्वत्तेचा राहत नाही.

३. वर्षाची आखणी

पदविकेच्या विद्यार्थ्याला संपूर्ण गाथा देणे व्यर्थ होय. पंडित आणि भावे या दोन्ही आवृत्त्यांत आढळणारे पंचवीस अभंग पुरेसे आहेत. पहिल्या चार महिन्यांत लिपी व लेखनपद्धतीचा परिचय व्हावा. जुन्या लेखनात शब्द तोडलेले नसतात. उदाहरणादाखल, ‘कामनाही’ ही अक्षरे ‘काम नाही’ अशीही वाचता येतील आणि ‘कामना ही’ अशीही. अर्थ मात्र परस्परविरोधी होईल. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांतील साम्य, अनुस्वारांची अनियमितता, ‘आह्मी’सारखी जुनी लेखनरूपे यांची ओळख याच काळात व्हावी.

पुढील चार महिन्यांत पाठांची तुलना करून पाठभेदांचे वर्गीकरण करावे : केवळ लेखनाचे भेद, लेखनिकाच्या चुका, शब्दांतील बदल, आणि चरणांचा क्रम किंवा संख्या यांतील भेद. या काळात भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आणि वि. सी. सुकथनकरांनी आदिपर्वाला लिहिलेली प्रस्तावना अभ्यासावी. कात्रे यांचा १९४१ चा भारतीय पाठचिकित्सेवरील ग्रंथही हाताशी असावा. अखेरच्या महिन्यांत केवळ पाच अभंगांची संहिता सिद्ध करून प्रत्येक निवडीचे कारण लिहावे. प्रबंधिका चाळीस पृष्ठांची असली तरी चालेल. तिच्यातील प्रत्येक वाक्याला आधार असला पाहिजे. पुणे-लोणावळा मार्गावरील गाडीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा अभ्यास झेपेल, कारण आरंभीचे काम छापील आवृत्त्यांवरच होते.

४. पद्धतीची मर्यादा

महाभारतासाठी सिद्ध झालेले नियम अभंगांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कठीण पाठ अधिक जुना असण्याचा संभव मोठा, हे तत्त्व लेखनिक नकलून घेत असतो या गृहीतकावर उभे आहे. अभंग मात्र गायिला जातो; टाळकऱ्याच्या मुखी शब्द बदलतो आणि पुन्हा वहीत उतरतो. तो बदल चूक नसून परंपरेचे जिवंतपण असते. म्हणून संपादकाने मूळ पाठाचा शोध घेताना वारकऱ्यांच्या ओठांवरील पाठही टीपेत जतन केला पाहिजे. या दृष्टीने, एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ही घटना मराठी पाठचिकित्सेच्या आरंभी ठेवून शिकविणे उचित होईल. संहितेविषयीची श्रद्धा आणि तिची चिकित्सा यांत विरोध नाही, हे तिच्यातून दिसते.

पदविका संपताना विद्यार्थ्याला तुकारामांविषयी सर्व काही ठाऊक होणार नाही. परंतु छापील पृष्ठावरील प्रत्येक शब्द कोणी तरी, कोणत्या तरी आधाराने निवडलेला असतो, याचे भान त्याला येईल. महाविद्यालयात अभंग शिकविणाऱ्या अध्यापकाला एवढे भान असले, तर त्याचे वर्गातील वाचन निश्चितच बदलेल.