पिल्लू आतून ओरडतंय, अंडं फोडू का?

प्रश्न : घरच्या इन्क्युबेटरमध्ये खाकी कॅम्पबेल बदकांची अंडी लावली होती. एका अंड्याला पिल्लाने आतून चोच मारली, चिवचिवाट ऐकू येत होता. दिवसभर वाट पाहून संध्याकाळी मी कवच सोललं, तर रक्त आलं आणि पिल्लू गेलं. धसका घेऊन दुसऱ्याला हातच लावला नाही, तेही आत चिकटून मेलं. मदत कधी करायची, हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : पहिलं पिल्लू घाईने गेलं, दुसरं बहुधा कोरडेपणाने. तुमची नजर दोन्ही वेळा घड्याळावर होती. ती रक्तवाहिन्यांवर हवी.

बदकाचं अंडं 28 दिवसांचं. (मस्कोव्ही असेल तर 35. तेव्हा तिसाव्या दिवशी धीर सोडू नका.) अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. शेवटी शेवटी पिल्लू आतला पापुद्रा फोडून त्या पोकळीत चोच घालतं आणि पहिला श्वास घेतं. तोवर त्याला प्राणवायू मिळत असतो तो कवचाला आतून चिकटलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून. पोकळीतली हवा पुरेनाशी झाली की ते मान झटकून चोचीच्या शेंड्यावरच्या टणक दाण्याने कवच फोडतं. बाहेरून आपल्याला टवका उडालेला दिसतो.

आणि मग पिल्लू थांबतं. माणूस कासावीस होतो तो इथेच. पण आत काम चालूच असतं : जाळ्यातलं रक्त अंगात परत जातं, उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जातो. ते उरकल्यावरच पिल्लू गोल फिरत कवच कापतं आणि झाकण ढकलून बाहेर येतं. बदकांत पहिल्या टवक्यापासून बाहेर पडेपर्यंत 24 ते 48 तास सहज जातात. कोंबडीचं पिल्लू त्यामानाने लवकर सुटतं, म्हणून कोंबड्या पाळणाऱ्या शेजाऱ्याचा सल्ला इथे महागात पडतो. तुम्ही कवच सोललंत तेव्हा त्या जाळ्यात अजून रक्त वाहत होतं.

चिवचिवाट ऐकून जीव तुटतो खरा, पण ती मदतीची हाक असेलच असं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट गॉटलिब यांनी बदकांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की अंड्यात असताना स्वतःचा आणि भावंडांचा आवाज ऐकलेली पिल्लंच पुढे आपल्या जातीच्या आईची साद नीट ओळखतात. तेव्हा ओरडू द्या त्यांना.

मग हात कधी घालायचा? दोन दिवस उलटूनही काही पुढे सरकलं नाही, किंवा टवक्यातून दिसणारा पापुद्रा कागदासारखा कोरडा, पिवळट-तपकिरी पडला, किंवा अर्धं कवच कापून पिल्लू तासन्‌तास तिथेच अडलं, तर. चोच निमुळत्या टोकाला मारलेली दिसली तर त्या अंड्यावर जास्त लक्ष ठेवा. अशी पिल्लंही पुष्कळदा आपली आपण निघतात.

हात स्वच्छ धुऊन, रुंद टोकाला, पोकळीच्या वरचंच कवच नखाने चिमटीचिमटीने काढा. तिथे कवचाखाली रक्तवाहिन्या नसतात. मग कान कोरायच्या कापसाच्या काडीने आतल्या पापुद्र्याला कोमट पाणी लावा. नाकपुड्यांत पाणी जाऊ देऊ नका. ओला झाला की पांढरा पापुद्रा पारदर्शक होतो आणि खालचं सगळं दिसतं. लाल रेषा दिसल्या की थांबा, अंडं मशीनमध्ये परत ठेवा, पाच-सहा तासांनी पुन्हा बघा. पिल्लू काही चावत असल्यासारखी चोच उघडमीट करत असेल तरीही थांबा, बलक अजून आत जायचा आहे. रक्ताचा थेंब आलाच तर कापसाने हलकेच दाबून धरा आणि त्या खेपेपुरतं काम बंद. रेषा पूर्ण विरल्या असतील तरच पापुद्रा सोलून डोकं आणि चोच मोकळी करा. तेवढंच. पिल्लाला ओढून काढू नका. खालचं अर्धं कवच तसंच राहू द्या, त्यातून त्याला स्वतः पाय झाडत निघू द्या. बेंबी मिटायची राहिली असेल तर तेवढ्या वेळात मिटते.

इतकं करूनही काही पिल्लं जगत नाहीत. ती अंड्यातच अशक्त असतात, त्याला तुमचा इलाज नाही.

दुसऱ्या पिल्लाबद्दल. तुम्ही पहिल्यासाठी झाकण किती वेळा उघडलंत? प्रत्येक वेळी आतली दमट हवा निघून जाते, पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला घट्ट बसतो आणि ते हलूच शकत नाही. पंचविसाव्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद करा, आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर न्या आणि झाकण शक्यतो उघडूच नका. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी बसवणारे त्यांच्यावर कोमट पाणी शिंपडतात ते याचसाठी : बदकीण पाण्यातून ओल्या अंगाने येऊन बसते, कोंबडी कोरडीच. एका खेपेत तीन-चार अंड्यांना मदत लागली तर दोष पिल्लांचा नाही, मशीनचं तापमान आणि आर्द्रता तपासून घ्या.

बाहेर आलेलं पिल्लू पिसं सुकून फुलेपर्यंत मशीनमध्येच राहू द्या. पोटातल्या बलकावर त्याचा एक दिवस आरामात निघतो, दाणापाण्यासाठी झाकण उघडायची घाई नको.