तिवड्यावर जगू नका
जबलपूर जिल्ह्यातलं शहपुरा आज हिरव्या मटारासाठी ओळखलं जातं. त्याच काळ्या जमिनीत चण्या-मसुराच्या जोडीनं तिवडाही उगवतो. विदर्भात आपण त्याला लाखोळी म्हणतो. पाऊस कमी पडो की जास्त, हे पीक तग धरतं आणि स्वस्तात भरपूर प्रथिनं देतं. याच गुणापायी ते घातक ठरलं, असं माझं म्हणणं आहे. तिवड्याचं विष दाण्यात आहे खरं, पण माणूस अपंग होतो तो ताटात दुसरं काही नसल्यामुळे. या भागात कारभार केलेल्या स्लीमन साहेबांनी 1844 साली छापलेल्या आपल्या पुस्तकात सागरकडच्या एका गावाची हकिगत दिली आहे. 1829 ला गारपीट, 1830 ला अवर्षण, 1831 ला गव्हावर रोग. तिन्ही वर्षं तिवडा मात्र जोमात आला आणि 1831 पासून लोक त्यावरच जगले. पुढे 1833-34 मध्ये तिथल्या निम्म्या तरुण मुलामुलींचे कमरेखालचे अवयव लुळे पडले.

तिवड्यातल्या विषारी अमिनो आम्लाला ओडॅप म्हणतात. मज्जापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट वापरतात. ओडॅप त्याचीच नक्कल करतं, पेशी अतिउत्तेजित होते आणि मरते. मेंदूकडून पायांकडे हालचालीचा हुकूम नेणाऱ्या लांब तंतूंना याचा सर्वांत जास्त फटका बसतो. बुद्धी शाबूत राहते, स्पर्श कळतो, पण पाय ताठरतात, गुडघे एकमेकांवर घासतात आणि माणूस चवड्यांवर चालू लागतो. या आजाराच्या पायऱ्या डॉक्टर काठ्यांवरून मोजतात: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी रांगणारा. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, त्यामुळे गेलेली चाल पूर्ववत करणारं औषध नाही.

‘आमच्या आजे-पणज्यांनी खाल्ला, त्यांना काही झालं नाही’ हा आक्षेप खोटा नाही. गहू, भाजी, ताक यांच्या सोबतीनं अधूनमधून खाल्लेला तिवडा बहुतेकांना बाधत नाही. रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त तिवडाच, तोही सलग दोन-तीन महिने, असं झालं की धोका वाढतो. शिवाय डाळींत कमी असणारी गंधकयुक्त अमिनो आम्लं धान्यांतून मिळतात आणि ती शरीराला थोडंफार संरक्षण देतात असं दिसतं. म्हणजे पोळी-डाळीची जोडी नुसती चवीची नाही. ज्यांना मजुरीच तिवड्यात मिळायची, त्यांना ही जोडी परवडत नव्हती. रीवा भागातले रुग्ण बहुतेक त्याच थरातले होते. त्यांना ‘चौरस आहार घ्या’ एवढंच सांगणं मला अपुरं वाटतं. रेशनवर गव्हासोबत डाळही मिळायला हवी.

दुसरा आक्षेप नव्या वाणांचा. रतन, प्रतीक, महातिवडा यांत ओडॅप कमी असतं आणि ते काम मोलाचंच आहे. पण शेतात जुनं बी मिसळतं आणि दुष्काळात दाण्यातलं ओडॅप वाढतं, नेमकं लोक त्यावर विसंबतात तेव्हाच. तिवड्याच्या विक्रीवर 1961 साली बंदी आली, महाराष्ट्रानं 2008 मध्ये ती उठवली. कायदा कोणत्याही बाजूला झुकला तरी चण्याच्या शेतात तिवडा आपोआप उगवतो आणि बेसनात शिरतो.

म्हणून चणाडाळ पारखून घ्या. अख्खा चणा घेऊन दळलात तर अधिक बरं, कारण तिवड्याचा दाणा चपटा, पाचरीसारखा कोनेदार असतो आणि निवडून काढता येतो. तिवड्याची डाळ खायचीच असेल तर भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या. ओडॅप पाण्यात उतरतं, जोडीनं काही जीवनसत्त्वंही जातात, पण हा तोटा सोसण्याजोगा आहे. नुसत्या तिवड्याच्या पिठाच्या भाकरी मात्र करू नका, कारण त्यात धुऊन जायला काही वाव नसतो. आणि घरात कुणाच्या पोटऱ्या ताठरू लागल्या, पाऊल जड पडू लागलं, तर त्याच दिवशी तिवडा बंद करा आणि गेले तीन महिने ताटात काय होतं ते डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगा.