हातांतला खेळ आणि मेजावरचा खेळ

आमच्या साजगांवीं कार्तिकी एकादशीपासून विठोबाची यात्रा भरते. तेथील सुक्या मासळीच्या बाजारामुळें या देवास लोक 'बोंबल्या विठोबा' म्हणतात, हें येथील वाचकांस सांगावयास नको. गेल्या यात्रेंत खेळण्यांच्या दुकानांवरून जात असतां माझा एक विद्यार्थी व त्याचे वडील भेटले. मुलगा दहावींत, वडील खोपोलीच्या एका कारखान्यांत नोकरीस. दोघांचा कसला तरी वाद चालला होता, आणि मला पाहतांच तो माझ्यापुढें मांडण्यांत आला.

"सर, तुम्हीच सांगा ह्याला," वडील म्हणाले. "घरांत संगणक यावा म्हणून दोन वर्षें बोनसचे पैसे बाजूला ठेवले. आतां हा म्हणतो, मेजावरचा नको, हातांत धरायचा पाहिजे. सत्तर हजारांचें खेळणें!"

"बाबा, तें खेळणें नाहीं. तो पुरा संगणकच आहे," मुलगा म्हणाला.

दोघांचेंही म्हणणें थोडथोडें खरें होतें. यात्रेच्या गर्दींत उत्तर द्यावें असा तो प्रश्न नव्हता. शिवाय हाच प्रश्न आमच्या वाचकांपैकीं इतरांच्याही घरीं निघत असेल, म्हणून तो येथें जरा विस्तारानें घेतों.

खेळ एका जागीं बांधलेला असावा कीं खेळणाराबरोबर हिंडणारा असावा, हा भेद संगणकाहून फार जुना आहे. सह्याद्रींतील कित्येक लेण्यांच्या व किल्ल्यांच्या कातळावर पटखेळांचीं घरें कोरलेलीं आढळतात. तो पट उचलून नेतां येत नसे. खेळणारासच तेथें येऊन बसावें लागे. सारीपाट मात्र कापडाचा शिवीत. घडी घातली कीं तो सोंगट्यांसह थैलींत राही व परगांवीं जाई. सावंतवाडीच्या गंजिफांचीं वाटोळीं पानें तर तळहातावरच मावत.

विजेच्या खेळांतही हे दोन पंथ प्रथमपासून आहेत. १९८९ सालीं जपानच्या निन्टेंडो कंपनीनें 'गेम बॉय' नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. त्याचा पडदा हिरवट व रंगहीन असून त्यामागें दिवाही नव्हता. पण चार लहान सेलांवर तें दहा तासांहून अधिक चाले. पुढच्याच वर्षीं सेगा कंपनीचा 'गेम गिअर' आला. त्याचा पडदा रंगीत व उजळ. परंतु त्यास सहा सेल लागत आणि ते तीन ते पांच तासांत संपत. बाजारांत सरशी झाली ती हिरवट पडद्याची. ही जुनी गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिची गरज लागणार आहे.

मात्र अशा यंत्रांचे खेळ त्यांचे स्वतःचे असत; मेजावरच्या संगणकाचा खेळ त्यांवर चालत नसे. अलीकडे हँडहेल्ड म्हणून जीं यंत्रें निघालीं आहेत त्यांनीं ही भिंत पाडली. अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीचें 'स्टीम डेक' फेब्रुवारी २०२२ मध्यें ग्राहकांच्या हातीं पडूं लागलें, आणि आसुस कंपनीचें 'आरओजी अ‍ॅलाय' जुलै २०२३ मध्यें ६९,९९० रुपयांस भारतांत विक्रीस आलें. दोन्ही हातांत धरावयाचा, सात इंची पडद्याचा, बाजूंस बटणें व अंगठ्यानें फिरवावयाच्या दांड्या असलेला हा खरोखरच पुरा संगणक होय. डेस्कटॉपकरितां एकदां घेतलेले बहुतेक खेळ त्यावर पुन्हां पैसे न देतां चालतात. पुष्कळशा खेळांत तर मेजावर जेथें थांबावें तेथूनच पुढें हातांत सुरू करतां येतें. कारण खेळाची नोंद इंटरनेटच्या द्वारें दूरच्या सर्व्हरवर जपून ठेवलेली असते. घरीं टीव्ही व कीबोर्ड असल्यास हेंच यंत्र त्यांस जोडून लिहिण्यावाचण्याचें कामही करतां येतें. तेव्हां 'खेळणें' हा वडिलांचा शब्द शास्त्रदृष्ट्या टिकणारा नव्हे.

आतां शंका अशी येते कीं, शेंकडों वॅट वीज घेणाऱ्या पेटीचें काम जेमतेम पंधरा वॅटांच्या चिपनें कसें व्हावें? याचें उत्तर पडद्यांत आहे. संगणकाचें चित्र ठिपक्यांचें बनतें, आणि खेळ चालू असतां प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदास तीस किंवा साठ वेळां नव्यानें ठरवावा लागतो. स्टीम डेकच्या पडद्यावर आडवे १२८० व उभे ८००, म्हणजे एकंदर १०,२४,००० ठिपके असतात. ज्यास 'फोर-के' म्हणतात त्या मोठ्या पडद्यावर ३८४० गुणिलें २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके होतात. मोठ्या पडद्याचें ओझें याप्रमाणें आठपट झालें. लहान यंत्र थोडक्या विजेंत निभावतें, कारण त्याच्या डोक्यावर ओझेंच हलकें दिलेलें असतें. हा आडाखा जाणूनबुजून केलेला आहे, आणि तो मला फार चतुराईचा वाटतो.

मग इतकें लहान चित्र पाहण्यांत गोडी कोठली? विद्यार्थ्यांनीं फूटपट्टी घेऊन स्वतःच मोजून पाहावें. सात इंची पडदा सुमारें १५ सेंटिमीटर रुंद असतो व तो डोळ्यांपासून ३५ सेंटिमीटरांवर धरला जातो. मेजावरचा २४ इंची पडदा सुमारें ५३ सेंटिमीटर रुंद, पण तो ७५ सेंटिमीटरांवर ठेवलेला असतो. रुंदीस अंतरानें भागिलें तर पहिल्याचें उत्तर ०.४३ व दुसऱ्याचें ०.७१ येतें. म्हणजे जो पडदा मापांत दुसऱ्याच्या चतुर्थांशाहून थोडासाच रुंद, तो डोळ्यांस मात्र दुसऱ्याच्या तीनपंचमांश दिसतो. ही जवळीक फुकट मिळत नाहीं. जवळचें पाहतांना डोळ्यांच्या स्नायूंस सतत ताण पडतो, म्हणून वीस मिनिटांनीं तरी नजर वर करून दूरवर न्यावी. आपल्याकडे त्यासाठीं समोर डोंगर उभाच आहे.

विजेचा हिशेब तर आपल्या अंगणांतलाच. खोपोलीचें टाटांचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी नळांतून पांचशें मीटरांहून अधिक खालीं उतरून तेथील चक्रें फिरवूं लागलें व ती वीज मुंबईच्या गिरण्यांस गेली. आपण घरीं ज्यास एक युनिट म्हणतों तें १००० वॅट-तासांचें असतें. पडद्यासह २५० वॅट घेणारा बेताचा डेस्कटॉप चार तासांत एक युनिट संपवितो. स्टीम डेकच्या पहिल्या आवृत्तीच्या बॅटरींत ४० वॅट-तास मावतात. भरतांना होणारी घट सोडून दिली तर एका युनिटांत ती पंचवीस वेळां भरेल. जड खेळास यंत्र एकंदर २० वॅट घेतें असें धरिलें, तर तोच पन्नास तासांचा खेळ झाला. छताचा साधा पंखाही सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो, हें पाहिलें म्हणजे या काटकसरीची कल्पना येईल.

परंतु हाच हिशेब उलट बाजूनें मांडून पाहा. ४० भागिलें २०, म्हणजे दोन तास. खोपोलीहून मुंबईस जाणाऱ्या लोकलला सुमारें अडीच तास लागतात; तेव्हां खोपोलीस सुरू केलेला जड खेळ दादर येण्यापूर्वींच विझणार. हलका खेळ पांच तासही चालेल. खुद्द उत्पादकांनीं आपल्या यंत्रास 'दोन ते आठ तास' असा ऐसपैस वायदा दिला होता. तो खेळाखेळाप्रमाणें बदलणारा असल्यामुळें खोटा म्हणतां येत नाहीं, एवढेंच. गेम गिअरचें जुनें दुखणें येथें पुन्हां डोकें वर काढतें. अर्थात् बदलापूर मागें पडल्यावर आमच्या गाडींत कोंपर हलविण्यासही जागा राहत नाहीं. मग बॅटरी उरली काय नि संपली काय, सारखेंच.

माझ्या मतें या यंत्राची खरी मोहिनी एका बटणांत आहे. तें दाबतांच खेळ होता तेथें निजतो. मुख्य चिप थांबते, आणि खेळाची त्या क्षणाची सगळी स्थिति तात्पुरत्या स्मृतींत अगदीं थोडक्या विजेवर जपली जाते. पुन्हां बटण दाबलें कीं कांहीं सेकंदांत घोडा त्याच उडींत हवेंत उभा! डेस्कटॉपही निजवितां येतो, पण तो चालू करून, मेजाशीं बसून, खेळ उघडून मन रमेपर्यंत पाऊण तास गेलेला असतो, आणि तेवढ्यांत आई दळण आणावयास हांक मारते. आपल्या घरांतला मोकळा वेळ असा तुकड्यातुकड्यांनीं येतो. दहा मिनिटें जेवणापूर्वीं, पंधरा मिनिटें शिकवणीहून आल्यावर. मेजावरचा खेळ हे तुकडे वेंचूं शकत नाहीं, हातांतला वेंचतो. शिवाय पावसाळ्यांत वीज गेली म्हणजे इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसलेला डेस्कटॉप तत्काळ काळाठिक्कर पडतो व जपून न ठेवलेली सारी मजल वायां जाते. बॅटरीच्या यंत्रास वीज गेल्याचें कळतही नाहीं. 'शक्तीनें मोठें यंत्र' म्हणून जो हँडहेल्ड घेईल तो पस्तावेल. 'सवडीप्रमाणें वांकणारें यंत्र' म्हणून जो घेईल तो बहुधा समाधान पावेल.

डेस्कटॉपची बाजू आतां घेतली पाहिजे. तितक्याच पैशांत तो अधिक काम देतो, आणि तो भागाभागांनीं जुळविलेला असतो. ग्राफिक कार्ड जुनें झालें तर तेवढेंच बदलावें, स्मृति कमी पडली तर एक पट्टी वाढवावी. जुन्या वाड्याची तुळई बदलावी तसें हें चालतें. हँडहेल्डमध्यें चिप व स्मृति पाटीवर कायमची जोडलेली असते. साठवणीचा भाग बदलतां येतो, पण बाकीचें यंत्र जसें घेतलें तसेंच म्हातारें होतें. त्यांतून बॅटरीचा जोर शेंकडों वेळां भरल्यावर घटतो, हें निराळेंच. बारीक नेम धरण्याच्या खेळांत माऊसची सर अंगठ्याच्या दांडीस येत नाहीं. निबंध टंकणें, चित्र काढणें, प्रोग्रॅम लिहिणें, यांसाठीं मोठा पडदा व कीबोर्ड पाहिजेत.

एक गोष्ट पालकांच्या कानांवर घालणें अवश्य आहे. डेस्कटॉप ओटीवर किंवा माजघरांत सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. मुलगा काय खेळतो, किती वेळ खेळतो, हें आजीसही दिसतें. धाकटें भावंड शेजारीं स्टूल ओढून आपल्या पाळीची वाट पाहत बसतें, आणि खेळ दोघांचा होतो. हँडहेल्ड गोधडींत शिरतो. ज्या बटणाची मीं वर स्तुति केली तेंच बटण रात्रीं अकरा वाजतां 'आणखी दहा मिनिटें' असें म्हणत असतें, आणि तुकड्यातुकड्यांनीं खेळलेल्या वेळाची बेरीज कोणी करीत नाहीं. खेळणारा तर मुळींच नाहीं.

म्हणून मीं त्या पितापुत्रांस यंत्र सुचविलें नाहीं. एक शंभर पानी वही घ्यावयास सांगितली. मुलानें आठ दिवस तींत लिहावें: मोकळा वेळ केव्हां मिळाला, कोठें मिळाला, किती मिनिटें, आणि त्या वेळीं घरांतलें एकुलतें मेज रिकामें होतें कीं नाहीं. त्यानें तें प्रामाणिकपणें लिहिलें, याचें मला कौतुक वाटलें. सलग तासाहून अधिक वेळ आठवड्यांत दोनदांच निघाला, तोही रविवारीं. आणि संध्याकाळीं मेजावर नेहमीं त्याच्या ताईचीं पुस्तकें. मुलास वाटलें, आपला खटला जिंकला.

परंतु वही घरांत उघडीच पडली होती. कर्जतच्या महाविद्यालयांत जाणाऱ्या ताईनें ती वाचून शेजारीं आपला एक रकाना आंखला व स्वतःचे आठ दिवस लिहिले. प्रकल्पाचें टंकन शेजाऱ्यांकडे, दीड तास. प्रवेशअर्ज खोपोलीच्या सायबर कॅफेंत, पन्नास मिनिटें व चाळीस रुपये. मोबाइलवर व्याख्यान, बॅटरी संपल्यानें अर्धेंच. वडिलांनीं ती वही मला परवां आणून दाखविली. खरेदी वार्षिक परीक्षेनंतर करावयाची ठरली आहे, आणि तोंवर दोघांनींही आपापला रकाना भरीत राहावयाचें आहे.