घरच्या रेकॉर्डिंगमधली ‘घूंऽऽ’ कशी शोधावी?

आमच्या एका सभासदांच्या आई सहा महिन्यांसाठी सनीव्हेलला आल्या होत्या. आम्ही सगळेच त्यांना आजी म्हणायचो. जात्यावरच्या ओव्या त्यांना पुष्कळ येत. परतीच्या विमानाला दोन दिवस उरले असताना आम्ही हॉलमध्ये माइक लावला आणि दीड तास रेकॉर्डिंग केलं. रात्री ऐकतो तर काय, प्रत्येक ओवीमागे सतत ‘घूंऽऽ’! ती आम्हाला कशी सापडली, ते क्रमाने देत आहोत. तुमच्या घरी ही वेळ आली तर उपयोगी पडेल.

आधी आवाज ओळखा. अमेरिकेत घरातली वीज ६० हर्ट्झची असते, भारतात ५० हर्ट्झची. त्यामुळे इथली गुणगुण ६० वर आणि त्याच्या पटीत, म्हणजे १२०, १८० वर ऐकू येते. पेटीच्या भाषेत सांगायचं तर ६० हर्ट्झ हा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या अगदी मधोमध पडतो. कुठल्याच सुरात बसत नाही. आवाज जाड आणि स्थिर असेल तर बहुधा जोडणीतला दोष. बारीक, करकरीत असेल तर दिव्याच्या डिमरवर संशय घ्यावा.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही प्रथम डिमर बंद केला. करकर गेली, घूं राहिली. नंतर मिक्सरला हेडफोन लावून ऐकलं: आवाज स्वच्छ! म्हणजे माइक निर्दोष. मिक्सरपासून कॉम्प्युटरकडे जाणारी केबल जोडली की घूं हजर, काढली की गायब. चोर तिथेच होता.

कारण असं. मिक्सरचा प्लग स्वयंपाकघरात होता, कॉम्प्युटरचा हॉलमध्ये. दोघांनाही तीन पिनांचे प्लग, म्हणजे दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने गेलेलं. आमच्या साध्या केबलच्या जाळीने ती दोन अर्थिंग जोडली आणि एक वेटोळं तयार झालं. त्यातून फिरणारा थोडासा प्रवाहही गाण्यात मिसळतो, कारण या केबलमध्ये जाळी हीच आवाजाचीही परतीची वाट असते. यालाच ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

उपाय स्वस्त निघाला. दोन्ही प्लग एकाच पॉवर स्ट्रिपवर घेतले. घूं जवळजवळ गेली. उरलेली घालवायला केबलच्या मध्ये आवाजासाठीचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला. त्यातून आवाज पलीकडे जातो, पण तारांचा थेट संबंध तुटतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. प्लगची तिसरी पिन कापली, किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून अर्थिंग तोडलं, तर घूं थांबेलही. पण उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या पेटीतून, माइकमधूनसुद्धा, शॉक बसू शकतो. सनीव्हेलमध्ये १९५० च्या दशकातली बरीच घरं आहेत आणि तेव्हाच्या वायरिंगमध्ये दोन पिनांची सॉकेटं असत. तुमच्या घरी तशी असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

‘नंतर सॉफ्टवेअरने काढू’ या भरवशावरही राहू नका. आजींचा सा काळी तीनचा, म्हणजे १८५ हर्ट्झच्या आसपास. १८० वरची घूं कापायला गेलो तर त्यांचा आवाजच पोकळ व्हायला लागला.

दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा गायल्या, न कुरकुरता. रेकॉर्डिंग स्वच्छ झालं. पण आदल्या दिवशी सहज ओठांवर आलेली माहेरची एक ओवी त्यांना काही केल्या आठवली नाही. ती आमच्याकडे आहे, पण त्या घूंसकट.

म्हणून आता आम्ही कुणालाही माइकसमोर बसवण्याआधी एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करतो आणि हेडफोन लावून ऐकतो. तुम्हीही एवढं एक मिनिट जरूर द्या.