इंग्रजी नामे : प्रकार आणि गणना

व्याकरणाचा आरंभ नामापासून करण्याची रीत जुनी आहे. यास्काने निरुक्तात शब्दांचे चार वर्ग सांगितले, त्यांत पहिला नामाचा. इंग्रजीतील 'नाउन' हा शब्दही ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ नाव असाच होतो. युरोपातील जुने व्याकरणकार विशेषणालाही नामातच गणत असत आणि 'नाम-विशेष्य' व 'नाम-विशेषण' असे त्याचे दोन पोटभेद करीत. ही पद्धत इंग्रजी व्याकरणग्रंथांत अठराव्या शतकापर्यंत रेंगाळली. विशेषण वेगळे झाल्यावर उरलेल्या नामांची विभागणी कशी करावी, हा प्रश्न मात्र राहिलाच.

आपल्या देशातील विद्यार्थ्याला त्याचे जे उत्तर शिकवले गेले, ते प्रामुख्याने जे. सी. नेस्फील्ड यांच्या व्याकरणपुस्तकांतून आले. नेस्फील्ड हे वायव्य प्रांत आणि अवध येथील शिक्षणखात्याचे संचालक होते. त्यांची पुस्तके एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाली आणि पुढे कित्येक दशके शाळाशाळांतून वापरात राहिली. त्यांनी नामाचे पाच प्रकार केले : विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, द्रव्यवाचक आणि भाववाचक. 'लंडन' हे विशेषनाम, 'सिटी' हे सामान्यनाम, 'आर्मी' हे समूहवाचक, 'गोल्ड' हे द्रव्यवाचक, 'ऑनेस्टी' हे भाववाचक. ही यादी पाठ करणे सोपे आणि परीक्षेत विचारणे त्याहून सोपे. तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण हेही असावे.

ही विभागणी चुकीची नाही. परंतु ती अर्थावर उभी आहे, आणि वाक्य लिहिताना अडचण येते ती अर्थाची नव्हे. 'आर्मी' आणि 'फर्निचर' हे दोन शब्द घ्या. दोन्हींतून समूहाचा बोध होतो. तरीही 'टू आर्मीज' म्हणता येते, 'टू फर्निचर्स' म्हणता येत नाही. 'आयडिया' आणि 'ॲडव्हाइस' ही दोन्ही भाववाचक. पहिल्याचे अनेकवचन होते, दुसऱ्याचे होत नाही. पाचही प्रकार बिनचूक ओळखणारा विद्यार्थी नोकरीच्या अर्जात 'मेनी ॲडव्हाइसेस' लिहून जातो, तो का, याचे उत्तर येथे आहे. त्याला जे शिकवले त्यात हा प्रश्नच नव्हता.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात मोजता येणाऱ्या वस्तूंचे शब्द आणि ज्यांतून निश्चित आकार वा सीमा असलेल्या वस्तूचा बोध होत नाही असे शब्द, असा भेद मांडला. त्यांना आपण गणनीय व अगणनीय नामे म्हणू. इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला. त्यात नामांपुढे ते गणनीय की अगणनीय, याची खूण दिली होती. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला ही खूण लागत नाही. आपल्याला ती पदोपदी लागते.

या भेदातून निघणारे नियम मोजके आहेत. गणनीय नाम एकवचनात सहसा एकटे उभे राहत नाही. त्याच्यापुढे 'अ', 'द', 'माय' असा काही शब्द लागतो. अगणनीय नामापुढे 'अ' लागत नाही, त्याचे अनेकवचन होत नाही, आणि 'पुष्कळ' म्हणायचे तर 'मेनी' न येता 'मच' येतो.

नियम सोपे असूनही चुका होतात, कारण काय मोजावे आणि काय मोजू नये हे निसर्गाने ठरवलेले नसून ज्या त्या भाषेने ठरवलेले असते. मराठीचेच पाहा. स्वयंपाकघरात आपण तांदूळ निवडतो तेव्हा 'तांदूळ निवडले' असे अनेकवचन करतो. बाजारात मात्र 'तांदूळ महागला' असे म्हणतो. इंग्रजी 'राइस' दोन्ही ठिकाणी एकवचनीच. पण म्हणून धान्ये इंग्रजीत एकवचनी असतात असे समजू नये. 'व्हीट' एकवचनी आणि 'ओट्स' अनेकवचनी! आपले केस पांढरे होतात. इंग्रजाचे सगळे केस मिळून 'हेअर' हे एकवचनच, आणि एखादाच केस सूपमध्ये सापडला तर तो मात्र 'अ हेअर'. आपले पैसे संपतात, 'मनी' संपतो. बातमी आपण एक, दोन, चार अशी मोजतो. 'न्यूज' शेवटी अनेकवचनाचा 'स' बाळगूनही एकवचनी क्रियापद घेतो. उलट कात्री, चष्मा, विजार, चिमटा या आपल्या दृष्टीने एकेक वस्तू. इंग्रजीत त्यांचे दोन पाय किंवा दोन काचा मोजल्या जातात आणि सगळे शब्द अनेकवचनी होतात. 'माहिती' आणि 'इन्फर्मेशन' येथे दोन्ही भाषा सुदैवाने एकाच वाटेने जातात. भाषांतर करणाऱ्याला अशा जागी थोडा विसावा मिळतो.

शिवाय एकच शब्द दोन्ही बाजूंना असू शकतो. 'आयर्न' म्हणजे लोखंड, 'अॅन आयर्न' म्हणजे इस्त्री. 'ग्लास' म्हणजे काच, 'अ ग्लास' म्हणजे पेला. 'पेपर' म्हणजे कागद, 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र, प्रश्नपत्रिका किंवा परिषदेत वाचलेला निबंध. बँकेच्या व्यवहारात रक्कम जमा झाल्याचे सूचनापत्र पाठवतात त्यालाही 'ॲडव्हाइस' म्हणतात, आणि तेथे तो शब्द खुशाल अनेकवचनी होतो. यामुळे नामाचा प्रकार शब्दाला कायमचा चिकटलेला नसून वाक्यातील उपयोगावर ठरतो, असे म्हणणे अधिक योग्य.

सीमारेषा काळानुसारही हलते. वाटाण्याला इंग्रजीत पूर्वी 'पीज' म्हणत आणि तो शब्द एकवचनी होता. त्याच्या शेवटचा उच्चार अनेकवचनासारखा वाटल्याने लोकांनी तो काढून टाकला आणि 'पी' हे नवे एकवचन सतराव्या शतकात रूढ झाले. विशेषनामेही आपली जागा सोडतात. आयर्लंडमधील मेयो परगण्यात १८८० साली कुळांनी व मजुरांनी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर बहिष्कार घातला, आणि थोड्याच काळात त्याचे आडनाव बहिष्काराचे सामान्यनाम बनले. कालिकतच्या नावावरून एका सुती कापडाला 'कॅलिको' म्हणू लागले, ही त्याच जातीची गोष्ट.

समूहवाचक नामांविषयी एवढे सांगणे पुरे की 'कमिटी'सारख्या शब्दानंतर अमेरिकेत सहसा एकवचनी क्रियापद येते. ब्रिटनमध्ये सभासद डोळ्यांपुढे असतील तर अनेकवचनीही चालते. 'पोलीस' आणि 'कॅटल' यांना असा पर्याय नाही, ते अनेकवचनीच.

मोजण्याची गरज मात्र अगणनीय नामांनाही पडते. तेथे इंग्रजी दुसरा शब्द मदतीला घेते : 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'अॅन आयटम ऑफ न्यूज', 'टू कप्स ऑफ टी'. मराठी माणसाला ही युक्ती परकी नाही. चिमूटभर मीठ, पेलाभर दूध, दोन घोट पाणी आपण रोज म्हणतो. फक्त सल्ल्यापुढे आणि बातमीपुढेही असे माप लावावे लागते, हे इंग्रजी लिहिताना लक्षात ठेवायचे.