गावातील मोठ्या झाडांची दुखणी : ओळख व उपाय

पारावरचा वड, शाळेच्या आवारातील कडुनिंब, रस्त्याकाठचा आंबा वा चिंच ही झाडे साऱ्या गावाची असतात. म्हणूनच त्यांच्या प्रकृतीकडे सहसा कोणाचेच लक्ष जात नाही. पिकावर कीड दिसताच शेतकरी त्याच दिवशी उपाय शोधतो. पण तीन पिढ्यांना सावली देणारे झाड शेंड्याकडून वाळू लागले, तर ‘म्हातारे झाले’ एवढे म्हणून ते सोडून दिले जाते. वास्तविक दुखणे शेंड्याला दिसत असले तरी त्याचे कारण पुष्कळदा बुंध्याशी वा मुळांशी असते. ते वेळीच शोधले तर अनेक झाडे वाचू शकतात.

तपासणी कशी करावी

प्रथम त्याच जातीचे जवळचे दुसरे झाड पाहावे. पिंपळ व कडुनिंब उन्हाळ्याच्या सुमारास जुनी पाने टाकतात. हा रोग नव्हे. सालीवर चिकटलेले करडे दगडफूलही झाडाला मारीत नाही. वाळलेल्या वाटणाऱ्या डहाळीची साल नखाने खरवडावी. आत हिरवा थर दिसला तर ती जिवंत आहे. तपकिरी व कोरडा दिसला तर मेलेली आहे असे समजावे.

त्यानंतर बुंध्याभोवती एक फेरी मारावी. भोके, लाकडाचा भुसा, डिंक, सुटलेली साल, जळाल्याच्या खुणा व बुरशीच्या कडक छत्र्या आहेत काय ते पाहावे. शेवटी गेल्या तीन-चार वर्षांत झाडाजवळ कोणते खोदकाम वा बांधकाम झाले याची गावात चौकशी करावी. मुळांना झालेल्या इजेचा परिणाम पुष्कळदा एक-दोन वर्षांनी दिसतो. तोवर मूळ कारण विस्मरणात गेलेले असते.

मुळांचा कोंडमारा

अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात व फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. बुंध्याला भिडवून सिमेंटचा पार बांधणे, मुरूम टाकून तो दाबणे, गटारासाठी एका बाजूची मुळे तोडणे, बुंध्याशी पाचोळा पेटविणे या गोष्टींनी झाड हळूहळू गुदमरते.

उपाय सोपा आहे. बुंध्याभोवतीचे सिमेंट शक्य तितके फोडून काढावे. नंतर टाकलेली माती हलक्या हाताने बाजूस सारावी. तीन-चार इंच जाडीचे पाचोळ्याचे आच्छादन घालावे. मात्र ते सालीला टेकू देऊ नये. उन्हाळ्यात पाणी बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली द्यावे.

भिरूड

आंब्याच्या खोडात शिरणारी ही कीड म्हणजे लांब मिशांच्या, करड्या भुंग्याची अळी होय. हा भुंगा सुमारे दोन इंच लांब असतो. मादी पावसाळ्याच्या सुमारास सालीच्या फटींत वा जखमांत अंडी घालते. अळी कित्येक महिने आतून खोड पोखरीत राहते. भोकातून पडणारा भुसा व पाझरणारा रस ही तिची खूण. भोक साफ करून आत तार खुपसावी व अळी मारावी. मग रॉकेलमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा घालून भोक चिखलाने लिंपावे. काही दिवसांनी पुन्हा भुसा दिसल्यास हाच उपाय परत करावा. बाहेरून दिलेल्या चुना-गेरूच्या पट्ट्याने आतील अळी मरत नाही.

बांडगूळ

फुलटोच्या पक्षी बांडगुळाचे बी फांदीवर टाकतो व तेथेच ते रुजते. नुसती पाने ओरबाडल्यास ते पुन्हा फुटते. फळे धरण्यापूर्वी, बांडगुळाच्या गाठीखाली सुमारे एक फूट अंतर ठेवून फांदी कापावी.

फांदी कापण्याची रीत

जड फांदी एका घावात तोडली तर ती खोडाची साल सोलीत खाली येते. यास्तव खोडापासून एक फूट अंतरावर प्रथम खालून अर्धवट काप घ्यावा. त्याच्या किंचित पुढे वरून काप घेऊन फांदी पाडावी. उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापावा. हे कडे जखम बंद करण्याचे काम करते. म्हणून ते कापू नये व लांब खुंटही ठेवू नये.

झाडाचे कुजलेले लाकूड पुन्हा पूर्ववत होत नाही. झाड त्या भागाभोवती जणू भिंत उभारून नवे लाकूड वाढविते. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी ही क्रिया १९७० च्या दशकात स्पष्ट केली. म्हणून ढोली खोल कोरणे किंवा सिमेंटने भरणे टाळावे.

आंब्याच्या ताज्या कापावर बोर्डो मलम लावण्याची पद्धत आहे. १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना प्रत्येकी ५ लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या वा मातीच्या निरनिराळ्या भांड्यांत भिजवावा व मग दोन्ही एकत्र ढवळावे. त्यात बुडविलेल्या स्वच्छ लोखंडी सळईवर तांबूस थर आल्यास आणखी चुना घालावा. मलम त्याच दिवशी वापरावे.

धोक्याचे झाड

बुंध्याशी बुरशीच्या छत्र्या, नव्याने आलेला कल, किंवा मुळांजवळ भेगाळलेली जमीन दिसल्यास झाड आतून कुजले असण्याचा वा उन्मळून पडण्याचा संभव असतो. अशा झाडाखाली शाळेची मुले वा बाजार बसू देऊ नये. जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. तोडणे अटळ ठरल्यास परवानगी घ्यावी. महाराष्ट्रात वृक्षतोडीच्या नियमनासाठी १९६४ चा कायदा आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा गावातील प्रत्येक मोठ्या झाडाची फेरी घ्यावी आणि आढळलेली लक्षणे वहीत तारखेसह नोंदवावीत. मागील नोंदीशी ताडून पाहिल्यास झाड सावरते आहे की खंगते आहे, हे शेंडा वाळण्यापूर्वीच कळते.